खारूवचे झाड आणि आपली माती

(तू बिश्वातच्या सायंकाळी, मलिद्याच्या विधीनंतर आपल्या सिनेगॉगच्या सभागृहात दिलेल्या व्याख्यानाचे ध्वनिमुद्रणावरून केलेले शब्दांकन.)



आताच आपण एलियाहू हन्नाबीचे स्मरण करून मलिदा घेतला. आपले वाडवडील याच तिथीला अलिबागजवळच्या खंडाळे गावी हन्नाबीच्या ऊरुसाला जात असत. पोहे, गूळ, ओले खोबरे आणि वेलदोडा यांचा तोच मलिदा आज इथे रामल्यात झाला. फरक एवढाच, की फळांच्या ताटात कोकणात कधी नसलेली एक वस्तू होती. ती म्हणजे खारूवच्या काळ्याभोर, वाकड्या शेंगा. आज मी त्या झाडाविषयी आणि ते ज्या मातीत उभे राहते त्या मातीविषयी बोलणार आहे.

विषय निवडण्याचे कारण तुम्हांपैकी अनेकांना ठाऊक आहे. गेल्या महिन्यात व्यवस्थापन समितीपुढे असा प्रस्ताव आला, की अंगणातील खारूव काढून टाकावा आणि ती जागा फरसबंद करावी. प्रस्तावामागे तीन कारणे होती. झाडाची पाने तीन वर्षांपासून पिवळी पडत आहेत. इतक्या वर्षांत त्याने एकही शेंग दिली नाही. आणि शरद ऋतूत त्याच्या फुलांना येणारा उग्र वास प्रार्थनेच्या वेळी असह्य होतो. निर्णय पेसाहनंतर व्हायचा आहे. मी तोपर्यंत बोलण्याची परवानगी मागितली. मी शेतीशास्त्राची पदवीधर नाही. माझ्याजवळ परिचारिकेची पदविका आहे, आणि रुग्णाच्या खाटेशेजारी उभे राहून काढलेली अडतीस वर्षे आहेत. परंतु रोगी पिवळा पडला म्हणून त्याला खोलीबाहेर काढावयाचे नसते, तो पिवळा का पडला हे आधी पाहावयाचे असते, एवढे त्या वर्षांनी मला शिकवले.

हे झाड आपल्या पहिल्या पिढीने लावले. माझे सासरे त्या मंडळींत होते. ते सांगत, की इथे येऊन पहिल्यांदा खारूव पाहिला तेव्हा सर्वांना ती चिंचच वाटली. कोणीतरी शेंग तोडून चावली आणि आंबट लागण्याऐवजी गोड लागली तेव्हा मोठा हशा पिकला. त्यांचा अंदाज अगदीच चुकीचा नव्हता. चिंच, बहावा आणि खारूव ही तिन्ही शेंगांच्या एकाच मोठ्या कुळातील झाडे आहेत. तरीही चिंचेची ओळख घेऊन खारूवशी वागावयास गेले, की घोटाळा होतो. आपण तोच घोटाळा केला आहे, असे माझे नम्र मत आहे.

प्रथम आपल्या हाखामांना या झाडाविषयी काय ठाऊक होते ते पाहू. तनाखमध्ये खारूवचे नाव कोठेही येत नाही; मिश्ना आणि तालमूदमध्ये मात्र ते वारंवार भेटते. बाबा बात्रा या प्रकरणात पाण्याच्या टाकीपासून झाड किती दूर असावे याचा नियम दिला आहे. साधारण झाडासाठी अंतर २५ हात, परंतु खारूव आणि शिकमा या दोहोंसाठी ५० हात. कारण उघड आहे. त्यांची मुळे पाण्याच्या शोधात दूरवर जातात आणि टाकीच्या भिंती फोडतात. जमिनीखालचे पाहण्याचे कोणतेही साधन नसताना, केवळ फुटलेल्या भिंती पाहून, सुमारे अठराशे वर्षांपूर्वी त्यांनी हे अनुमान काढले होते. आजचे वनस्पतिशास्त्रही तेच सांगते. या झाडाचे बळ त्याच्या मुळांत आहे. ते खडकाच्या भेगांतून खोल उतरते आणि वरची माती करपून गेली तरी खालची ओल शोधते.

पेआ या प्रकरणात आणखी एक सुंदर नियम आहे. शेताचा कोपरा गरिबांसाठी सोडताना कोणती झाडे मिळून एक शेत मानावे, असा तेथे प्रश्न आहे. खारूवांच्या बाबतीत उत्तर असे, की जी झाडे एकमेकांना पाहू शकतात ती सर्व मिळून एक. यावरून कळते, की खारूव दाटीने लावीत नसत. प्रत्येक झाडाला भोवतालची मोठी जमीन लागे, कारण प्रत्येकाला आपले अन्न आणि पाणी लांबून गोळा करावे लागे.

बाकीच्या कथा आपण लहानपणापासून ऐकल्या आहेत. रब्बी हानिना बेन दोसा एका शब्बाथपासून दुसऱ्या शब्बाथपर्यंत मापभर खारूववर राहत. रब्बी शिमोन बार योहाई आणि त्यांचे पुत्र रोमन सत्तेपासून लपून १२ वर्षे गुहेत राहिले, तेव्हा त्यांच्यासाठी खारूवचे झाड आणि पाण्याचा झरा निर्माण झाला. या कथांतून एक समजूत पक्की झाली: खारूव हे गरिबाचे झाड, ते खडकावर वाढते, त्याला काही लागत नाही. या समजुतीचा पहिला भाग खरा आहे. शेवटचा भाग खोटा आहे.

आता या देशाच्या मातीकडे वळू. खारूव भूमध्य समुद्राच्या पूर्व बाजूचा जुना रहिवासी. अॅरिस्टॉटलचा शिष्य थिओफ्रास्टस याने इसवी सनापूर्वी चौथ्या शतकाच्या सुमारास त्याचे वर्णन लिहिताना नोंदवले होते, की या झाडावर जुने फळ आणि नवे फूल एकाच वेळी दिसते. इस्राएलमध्ये तो कार्मेलच्या उतारांवर, खालच्या गालीलमध्ये, यहूदियाच्या पायथ्याच्या टेकड्यांवर आणि किनाऱ्यालगतच्या कुरकार नावाच्या चुनखडीयुक्त वालुकाश्मावर आपोआप उगवतो. या सर्व जागांत दोन गोष्टी समान आहेत: चुना भरपूर, आणि पाण्याचा निचरा उत्तम.

या मातींचा पद्धतशीर अभ्यास करणाऱ्यांत अॅडॉल्फ रायफेनबर्ग यांचे नाव मोठे आहे. १८९९ मध्ये बर्लिनमध्ये जन्मलेले हे गृहस्थ पुढे जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठात आले. पॅलेस्टाईनच्या मातीवरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९३८ मध्ये प्रसिद्ध झाला. प्राचीन ज्यू नाण्यांचेही ते जाणकार होते. एकच मनुष्य मातीतून निघालेल्या नाण्यांचा आणि नाणी झाकणाऱ्या मातीचा अभ्यास करतो, ही गोष्ट मला फार आवडली. कठीण चुनखडकावर तयार होणारी लाल चिकण माती, जिला जगभर 'टेरा रोसा' म्हणतात, ती कशी बनते हा त्यांच्या चिंतनाचा मुख्य विषय होता. मऊ खडूच्या खडकावर तयार होणारी फिकट माती निराळी. तिला 'रेंड्झिना' म्हणतात, आणि तिच्या काही प्रकारांत अर्ध्याहून अधिक भाग निव्वळ चुनाच असतो. या खडूवर पुष्कळ ठिकाणी 'नारी' नावाचा टणक कवच्यासारखा थर असतो. नांगर जेथे हार मानतो त्या नारीच्या भेगांत खारूव मूळ घालून उभा राहतो.

टेरा रोसा हे नाव ऐकून कोकणच्या आठवणीने तुमचे मन भरून येईल. माझेही आले होते. मुरुडच्या बाजूच्या जांभ्याच्या लाल वाटा डोळ्यांपुढे उभ्या राहिल्या. दोन्ही माती लाल आणि दोन्हींचा रंग लोहाचाच. तरी त्यांचे स्वभाव परस्परविरुद्ध आहेत. कोकणात अडीच ते तीन हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो. त्याने शतकानुशतके जमिनीतला चुना धुऊन समुद्राला नेला, म्हणून जांभ्याची माती आम्ल झाली. इथे आपल्या भागात पावसाळ्याचे सर्व ढग मिळून पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाणी देतात, आणि तेही हिवाळ्यात. खडकच चुन्याचा, धुऊन नेणारे पाणी थोडे, म्हणून माती चुन्याने भारलेली राहिली आणि तिचा सामू साडेसात ते साडेआठपर्यंत चढलेला राहिला. सामू म्हणजे आम्लता आणि अल्कता मोजण्याचे माप. सात हा मध्य, त्याखाली आम्ल, त्यावर अल्क. रक्ताचा सामू थोडा जरी ढळला तरी अतिदक्षता विभागात आमची कशी धावपळ उडे, ते मी विसरलेले नाही. मातीला इतकी घाई नसते, परंतु तिचाही सर्व व्यवहार याच आकड्यावर चालतो.

स्फुरदाचे उदाहरण घ्या. स्फुरद हे मुळांच्या वाढीचे आणि फळधारणेचे अन्न. कोकणच्या आम्ल मातीत लोह आणि अॅल्युमिनियम त्याला धरून ठेवतात. इथल्या चुनखडीच्या मातीत कॅल्शियम त्याला धरून ठेवते. दोन्हीकडे स्फुरद जमिनीत असते आणि दोन्हीकडे झाड उपाशी राहू शकते, केवळ कुलूप निराळे. जंगलातील खारूव हे कुलूप एकट्याने उघडीत नाही. त्याच्या मुळांबरोबर सहजीवन करणारी एक सूक्ष्म बुरशी असते. तिचे तंतू मुळांना पोहोचता येणार नाही अशा फटींत शिरतात आणि स्फुरद आणून देतात. म्हणून ज्या मातीत ही बुरशी जगते ती माती उकरणे, जाळणे किंवा फरशीखाली गुदमरवणे म्हणजे झाडाचे हात तोडण्यासारखे आहे.

नत्राविषयीही एक गैरसमज दूर केला पाहिजे. शेंगांच्या कुळातील पुष्कळ वनस्पतींच्या मुळांवर गाठी असतात आणि त्या गाठींतील जिवाणू हवेतील नत्र खेचून देतात. आपला हरभरा आणि तूर हेच करतात. खारूव त्याच कुळातला, म्हणून त्याला नत्र द्यावयास नको, असे कित्येकांना वाटते. परंतु खारूवच्या मुळांवर अशा गाठी सहसा आढळत नाहीत. त्याला नत्र मातीतूनच मिळवावे लागते. गळलेल्या पानांच्या कुजण्यातून ते हळूहळू मिळते. पोर्तुगालच्या अल्गार्व्ह प्रांतात, जेथे खारूवच्या बागा आहेत, तेथील प्रयोगांतही नत्र दिल्याने झाडाला लाभ होतो असे दिसले आहे. त्याला काही लागत नाही, ही समजूत खोटी आहे असे मी म्हटले ते यासाठी. त्याला थोडे लागते आणि हळू लागते, एवढेच खरे.

आता लोहाकडे येते, कारण आपल्या अंगणाचा प्रश्न त्याच्याशी निगडित आहे. मातीत लोह विपुल असते. लाल मातीत तर ते डोळ्यांना दिसते. परंतु मूळ लोह खात नाही, पाण्यात विरघळलेले लोह पिते. मातीतील सामान्य स्थितीतल्या लोहाची विरघळण्याची क्षमता सामू एका अंकाने चढताच सुमारे हजारपटीने घटते. लोह मिळेनासे झाले, की पानात हिरवा रंग तयार होत नाही. कोवळे पान पिवळे पडते, पण त्याच्या शिरा हिरव्याच राहतात, जणू पिवळ्या कागदावर हिरव्या शाईने जाळी काढली आहे. महाराष्ट्रात चुनखडीच्या जमिनीतील उसावर हेच संकट येते आणि शेतकरी त्याला 'केवडा पडला' असे म्हणतात.

या रोगाचे मूळ शोधण्याचा मान फ्रान्समधील युसेब ग्री यांच्याकडे जातो. १८४० च्या दशकाच्या पूर्वार्धात त्यांनी पिवळ्या पानांना लोहक्षाराचे द्रावण लावून ती पुन्हा हिरवी होतात हे दाखवून दिले. माणसाच्या पंडुरोगावर वैद्य लोहभस्म देतच होते. झाडाचा पंडुरोगही लोहाने बरा होतो, हे तेव्हा कळले. परंतु चुनखडीच्या जमिनीत साधा लोहक्षार टाकला तर माती तो लगेच बांधून टाकते, ही अडचण पुढे शंभर वर्षे राहिली.

मूळ यावर स्वतःही उपाय करते. खारूवसारख्या द्विदल वनस्पतींची मुळे आपल्याभोवती आम्ल सोडतात आणि बांधलेल्या लोहाचे रूप बदलून ते आत घेतात. चुनखडीवर शेकडो पिढ्या काढलेला खारूव या कामी संत्र्या-लिंबांपेक्षा बराच तरबेज आहे. मात्र यासाठी मुळाला हवा हवी. आपल्या शेतकऱ्यांचा 'वाफसा' हा शब्द येथे अगदी चपखल बसतो: मातीत ओलही आहे आणि हवाही आहे, अशी ती स्थिती. चुन्याच्या मातीत पाणी साचून राहिले, की वाफसा मोडतो, पाण्यात बायकार्बोनेट वाढते, आणि मुळाने सोडलेले आम्ल तेथल्या तेथे मारले जाते. मग जमिनीत लोह असूनही झाड पिवळे पडते. दुष्काळ सोसणारे हे झाड पाणी साचलेले सोसत नाही.

येथे एक जुना प्रसंग सांगते. मी या देशात येऊन फार वर्षे झाली नव्हती. मी ज्या रुग्णालयात काम करीत होते तेथे आपल्या समाजातील एक वृद्ध मावशी दाखल झाल्या. रक्त अतिशय कमी. त्याआधी कित्येक महिने त्यांना लोहाच्या गोळ्या दिल्या जात होत्या, तरी आकडा वर सरकत नव्हता. नोंदवहीत लिहिले होते, की रुग्ण औषध घेत नाही. मी त्यांच्या शेजारी बसले आणि मराठीत विचारले, "मावशी, गोळी घेता ना?"

"घेते गो बाय. एकही चुकवली नाही."

"कशाबरोबर घेता?"

"चहाबरोबर. दूध घालून चांगला कडक करते. नुसत्या पाण्याबरोबर घशाखाली जात नाही."

चहातील टॅनिन लोहाला आतड्यातच अडवते, आणि दुधातील कॅल्शियमही त्याच्या वाटेत येते. मावशींनी गोळी चुकवली नव्हती, डॉक्टरांनी औषध चुकीचे दिले नव्हते. लोह पोटापर्यंत पोहोचत होते, रक्तापर्यंत पोहोचत नव्हते. इतके महिने हा प्रश्न त्यांना कोणी त्यांना कळेल अशा भाषेत विचारला नव्हता, म्हणून नोंदवहीत त्या हट्टी ठरल्या. गोळी आणि चहा यांच्यात दोन तासांचे अंतर ठेवावयास सांगितले, गोळीबरोबर संत्र्याचा रस दिला, आणि काही आठवड्यांत त्यांच्या नखांवर गुलाबी छटा आली. वस्तू समोर असणे आणि ती मिळणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे मी त्या खाटेशी शिकले. मातीचे शास्त्र वाचावयास घेतले तेव्हा तेच वाक्य मला पुन्हा भेटले.

आता आपल्या अंगणात या. रामला हे नावच अरबीतील 'रमल' म्हणजे वाळू या शब्दाशी जोडलेले आहे. आपल्या परिसरातील मूळची माती 'हमरा' नावाची लाल, वाळूमिश्रित माती. तिच्यात चुना थोडा असतो, म्हणून किनारपट्टीच्या हमऱ्यावर संत्र्यांच्या बागा फुलल्या. परंतु या मातीतही काही ठिकाणी खाली 'नझाझ' नावाचा घट्ट चिकण थर असतो. तो पाणी खाली जाऊ देत नाही. आपल्या झाडाभोवती काय घडले त्याचा क्रम मी जुन्या मंडळींना विचारून जुळवला. सभागृह वाढवले तेव्हा बांधकामाचा राडारोडा, म्हणजे सिमेंट, चुना आणि फुटक्या विटा, झाडाच्या बुंध्यापासून थोड्या अंतरावर पुरून वर भर घातली गेली. त्यावर चार वर्षांपूर्वी आपण हिरवळ लावली. हिरवळीला रोज संध्याकाळी फवाऱ्याचे पाणी सुरू झाले. ज्या पाण्याने किटलीच्या तळाशी पांढरा थर बसतो आणि तो आपण सर्वांनी खरवडला आहे, तेच हे जड पाणी. पुढच्या वसंतात कोवळी पाने पिवळी आली. झाड उपाशी आहे असे वाटून आपण शेणखत आणि युरिया घातला. पिवळेपणा वाढला. मग आणखी पाणी घातले.

यात कोणाचाही दोष काढण्याचा माझा हेतू नाही. खताच्या गोणीसाठी पैसे देणाऱ्यांत मीही होते. जे केले ते मायेने केले. परंतु फुप्फुसात पाणी भरलेल्या रुग्णाला अशक्त दिसतो म्हणून सलाईनची आणखी एक बाटली लावावी, तसे ते झाले.

शेवटी माझ्या विनंतीवरून एक अनुभवी कृषी मार्गदर्शक येऊन झाड पाहून गेले. त्यांनी पाने हातात घेऊन हिरव्या शिरा दाखवल्या, हातभर खड्डा खणला, आणि खालची माती माझ्या तळहातावर ठेवली. ती थंड, चिकट होती आणि तिला कुबट वास येत होता. त्यावर त्यांनी सौम्य आम्लाचे चार थेंब टाकताच ती सोड्यासारखी फसफसली. ती चुन्याची खूण. ते म्हणाले, "मुळे बुडत आहेत. आधी नळ बंद करा, मग औषधाचे बोलू."

औषधाची कथाही ऐकण्याजोगी आहे. लोहाला मातीपासून वाचवून मुळापर्यंत नेणारे वाहक पदार्थ १९५० च्या दशकात बागांत वापरात आले. त्यांना चिलेट म्हणतात. त्यांतील एक, ईडीटीए, माझ्या ओळखीचा निघाला. रक्त तपासणीच्या जांभळ्या झाकणाच्या नळीत तोच असतो. तो रक्तातील कॅल्शियम धरून ठेवतो, म्हणून रक्त गोठत नाही. फ्लोरिडातील संत्र्यांवर त्याचा गुण आला. परंतु चुनखडीच्या मातीत त्याचा हाच स्वभाव आडवा येतो. भोवती इतके कॅल्शियम, की तो लोह सोडून कॅल्शियमलाच धरतो. पुढे ईडीडीएचए नावाचा दुसरा वाहक आला. तो अल्क मातीतही लोह सोडीत नाही. त्याचे द्रावण गडद लाल असते. ते बुंध्याभोवती ओतताना पाहिले तेव्हा रक्त चढवण्याच्या बाटलीची मला आठवण झाली. तरीही मार्गदर्शकांनी बजावले, की ही तात्पुरती मदत आहे. वाफसा परत आला नाही तर दर वर्षी बाटली लावावी लागेल.

शेंगा का नाहीत, याचे उत्तर त्यांनी अर्ध्या मिनिटात दिले. खारूवमध्ये बहुधा नर झाड वेगळे आणि मादी झाड वेगळे असते. आपले झाड नर आहे. उग्र वास त्याच्या फुलांचाच. माती कितीही सुधारली तरी नराला शेंग येणार नाही. इतकी वर्षे आपण त्याला वांझ म्हणत होतो. ही तर निव्वळ ओळख नसल्याची गोष्ट. यावर उपाय आहे. नर झाडाच्या फांद्यांवर चांगल्या मादी जातीचे डोळे भरता येतात, आणि परागासाठी एक फांदी नराचीच ठेवता येते. म्हणजे वासही पुष्कळ कमी होईल आणि शेंगाही येतील.

म्हणून समितीपुढे माझी नम्र सूचना अशी. झाडाच्या सावलीएवढ्या भागातील हिरवळ काढावी आणि फवारा कायमचा बंद करावा. राडारोडा यंत्राने न उकरता, मुळे सांभाळून हाताने काढावा. गळलेली पाने झाडून न टाकता बुंध्याभोवती राहू द्यावीत. वसंताची पालवी फुटण्यापूर्वी एकदा लोहाचे चिलेट द्यावे. ताजे शेणखत आणि युरिया बंद. फरशी मुळीच नको. दोन वसंत वाट पाहावी, मग डोळे भरावेत. फळझाड तोडण्याविषयी देवारीममध्ये जी आज्ञा आहे ती नर झाडाला लागू होते की नाही, हे रब्बींनी सांगावे. तो माझा अधिकार नाही.

१९३९ मध्ये वॉल्टर लोडरमिल्क नावाचे अमेरिकन मृदसंधारण तज्ज्ञ या देशात आले होते. डोंगरांवरील प्राचीन बांध फुटून लाल माती दऱ्यांत वाहून गेलेली आणि खडक उघडे पडलेले त्यांनी पाहिले. जेरुसलेमच्या रेडिओवरून बोलताना त्यांनी माणसासाठी एक अकरावी आज्ञा सुचवली होती. तिचा आशय असा, की भूमी ही देवाची ठेव समजून पिढ्यानुपिढ्या जपावी. अंगणातला हा तुकडा केवढा! पण ठेव लहान असली तरी ठेवच.

शेवटी होनी हमेअागेलची कथा. मुलांनो, तिचा पहिला अर्धा भाग तुम्ही शाळेत शिकलात. होनी वाटेने जात असता एक मनुष्य खारूव लावताना दिसला. फळ सत्तर वर्षांनी येईल हे ठाऊक असूनही तो लावीत होता, कारण त्याच्या पूर्वजांनी त्याच्यासाठी लावले होते. प्रत्यक्षात कलमी खारूव सात-आठ वर्षांतही फळू लागतो. सत्तर हा आकडा माळ्याचा नसून माणसाच्या आयुष्याचा आहे. कथेचा दुसरा अर्धा भाग तू बिश्वातच्या दिवशी सहसा कोणी सांगत नाही. होनी झोपी जातो आणि सत्तर वर्षांनी जागा होतो. झाड फळलेले असते, लावणाऱ्याचा नातू शेंगा गोळा करीत असतो. होनी घरी जातो, बेत मिद्राशमध्ये जातो, आपले नाव सांगतो. लोक त्याच्या विद्वत्तेची आठवण काढतात, पण समोर उभा आहे तो होनी यावर कोणी विश्वास ठेवीत नाही. भोवती सर्व काही असते, त्याला ओळखणारे कोणी नसते. त्या एकाकीपणाने तो खचतो आणि मृत्यू मागून घेतो.

मी आता सत्तरी ओलांडली आहे. रुग्णालयात आपल्या समाजाचे अनेक म्हातारे मी पाहिले. त्यांची काळजी घेणारे पुष्कळ होते, पण त्यांच्याशी त्यांच्या बोलीत बोलणारे थोडे. आपले झाडही आपल्याजवळ इतकी वर्षे उभे आहे, आणि ते नर आहे एवढेही आपल्याला ठाऊक नव्हते. मिश्नाने म्हटलेच आहे, की जे खारूव एकमेकांना पाहू शकतात ते एक शेत. बाहेर पडताना अंगणात क्षणभर थांबा, एक कोवळे पान उजेडाकडे धरा आणि त्याच्या हिरव्या शिरा पाहा. मग पेसाहनंतर मत द्या.

फवाऱ्याचा नळ मी परवा बंद केला आहे. कृपया कोणी सुरू करू नये.